यंत्राची किल्ली कोणाकडे?

निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या हाती आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते, आणि ती येण्याआधीच तिच्यावर नजर ठेवणारे सल्लागार त्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेले असतात. कोणी गावाबाहेरच्या प्लॉटचा नकाशा उलगडतो, कोणी एखाद्या पतसंस्थेचा जादा व्याजदर सांगतो, कोणी शेअर बाजाराची वाट दाखवतो. या यादीत अलीकडे व्हेंडिंग मशीनची भर पडली आहे. पैसे टाकले, किंवा मोबाइलवरून दिले, की चहा, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा असे काही देणारे हे यंत्र एकदा विकत घेऊन बसस्थानकात, महाविद्यालयात किंवा कारखान्याच्या दाराशी उभे करावे आणि घरी बसून उत्पन्न मोजावे, असा या प्रस्तावाचा मथितार्थ असतो. नोकर नको, गल्ल्यावर बसणे नको, उधारी नको. आयुष्यभर दहा ते पाच नोकरी केलेल्या माणसाला, आणि पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या त्याच्या मुलालाही, याहून गोड असे काय ऐकवायचे?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना अशा गोड प्रस्तावांचा अनुभव नाही असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली वाळवा तालुक्यातून उघडकीस आलेले कडकनाथ कोंबडीपालनाचे प्रकरण अजून लोकांच्या विस्मरणात गेलेले नाही. पिले आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा आणि शेड बांधा, असा तो व्यवहार होता. खरेदी थांबली तेव्हा सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या दारात खाद्यावाचून तडफडणाऱ्या कोंबड्या उरल्या. व्हेंडिंग मशीनची तुलना थेट त्या प्रकरणाशी करणे अन्यायाचे होईल. यंत्र ही खरी वस्तू आहे, ते चालते, आणि जगात अनेकांनी त्यावर प्रामाणिकपणे पैसा मिळवला आहे. परंतु दोन्हींत एक साम्य आहे व ते दुर्लक्षण्यासारखे नाही: विकणाऱ्याचा नफा विक्रीच्या दिवशीच पुरा होतो आणि घेणाऱ्याचा हिशेब त्या दिवशी सुरू होतो.

यंत्राकडून विक्री करून घेण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोन या गणितज्ञाने नाणे टाकताच देवळातील पवित्र पाणी देणाऱ्या साधनाचे वर्णन करून ठेवले आहे. नाण्याच्या वजनाने दांडी झुके, तोटी उघडे, आणि नाणे घसरून पडले की तोटी पुन्हा मिटे. नाणे न टाकताच भाविक पाणी घेत असावेत, अशी शंका या शोधामागे दिसते. देवळाचे व्यवस्थापन तेव्हाही सावध होते म्हणायचे. पुढे १८८३ साली लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारे यंत्र आले, १८८८ साली न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर च्युइंगमची यंत्रे लागली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या जपानात अशी पन्नास लाखांहून अधिक यंत्रे उभी होती. हा जपानचा दाखला यंत्र विकणारा प्रत्येक जण देतो. तेथे मजुरी महाग आहे, जागा दुर्मिळ आहे, आणि रस्त्यावरचे यंत्र फोडण्याची रीत नाही, एवढे मात्र तो सांगत नाही.

आपल्याकडे या व्यवसायाचा पूर्वज शोधायचा तर तो रेल्वेच्या फलाटावर सापडतो. मिरज जंक्शनसारख्या स्थानकांवर रंगीत दिवे लुकलुकवणारे वजनाचे यंत्र ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना त्याच्या चाकाची घरघर आणि खाली पडणारे जाड कागदाचे तिकीट आठवेल. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला बहुधा भविष्य किंवा सिनेनटाचे चित्र. वजन कमी भरले तरी भविष्य सहसा उज्ज्वल असे. व्यवसाय म्हणून पाहता हे यंत्र फार शहाणपणाने घडवलेले होते. ते जी वस्तू विकत होते ती कधी संपत नव्हती, नासत नव्हती, तिच्यावर किंमत छापलेली नव्हती, आणि आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ मोकळा वेळ व सुटे नाणे या दोन्ही गोष्टी असत. खर्च तो तिकिटाच्या कागदाचा, जागेच्या परवान्याचा आणि देखभालीचा.

दुसरा पूर्वज म्हणजे नाणे टाकून बोलण्याचा टेलिफोन. किराणा दुकानाच्या फळीवर, औषधाच्या दुकानाबाहेर, चहाच्या हॉटेलात तो टांगलेला असे आणि एक रुपयात गावातल्या गावात बोलणे होई. मोबाइल घरोघरी येईपर्यंत त्याने हजारो छोट्या दुकानदारांना कमिशन मिळवून दिले. तो चालला याचे कारण तो दुकानदाराच्या नजरेसमोर होता. नाणे अडकले तर हात मारणारा, नाणे नसेल तर सुटे देणारा आणि बंद पडला तर तक्रार नोंदवणारा माणूस तेथे बसलेलाच होता. यंत्राने माणसाची जागा घेतली नव्हती. बसलेल्या माणसाला ते जोडधंदा देत होते. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, पण आजच्या व्हेंडिंग मशीनचे यशापयश बहुतांशी त्यावरच ठरते.

आता हिशेबाकडे वळू. थंड पेये व खाद्यपदार्थांचे पुडे ठेवणारे शीतकरणासह यंत्र समजा दोन लाख रुपयांना पडले आणि ती रक्कम ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जाने उभी केली. दरमहा हप्ता सुमारे ४,३५० रुपये. वीज २,००० रुपये, जागेचे भाडे ३,००० रुपये, माल आणून भरण्याच्या फेऱ्या १,५०० रुपये, दुरुस्ती आणि मुदत संपून वाया गेलेला माल १,१५० रुपये धरला, तर एकूण खर्च १२,००० रुपयांवर जातो. वीस रुपयांच्या पुड्यामागे किरकोळ विक्रेत्याला अडीच रुपये सुटतात असे समजू. म्हणजे नुसता खर्च भरून निघण्यासाठी महिन्याला ४,८०० पुडे, रोज १६० पुडे विकले गेले पाहिजेत. मालकाला स्वतःला दहा हजार रुपये मिळावेत अशी इच्छा असेल तर रोजचा आकडा तीनशेच्या घरात जातो. एवढी विक्री सहन करणारे यंत्र जवळजवळ रोज भरावे लागेल. मग घरी बसून मोजायचे ते काय?

येथे एक अडचण अशी आहे की जिचा उल्लेख परदेशी दाखल्यांत येतच नाही. अमेरिकेत किंवा जपानात यंत्राचा मालक आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवतो. मध्यरात्री, निर्जन फलाटावर मिळणाऱ्या थंड पेयासाठी चार पैसे जास्त घेण्याची त्याला मुभा आहे. भारतात वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि २०११ च्या वेष्टनबद्ध वस्तूंच्या नियमांनुसार तिच्याहून एक रुपया अधिक घेणे हा गुन्हा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. त्यात सैलपणा यावा असे येथे कोणी सुचवत नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की सोयीचे मोल यंत्राला वसूल करता येत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार ज्या किमतीला पुडा विकतो त्याच किमतीला, विजेचा आणि हप्त्याचा भार सोसून, यंत्राने तो विकायचा असतो.

म्हणून या व्यवसायात ज्यांना खरोखर नफा झाला आहे त्यांचा माल पाहिला तर त्यावर छापील किंमत नसते असे आढळते. चहा, कॉफी, सुटे पाणी, पूर्वी वजन. पंचवीस हजारांचे चहाचे यंत्र घेतले, त्याचा हप्ता ८०० रुपये, वीज ७०० रुपये, जागा २,००० रुपये आणि दुरुस्ती-सफाई १,००० रुपये धरली, तर महिन्याचा खर्च ४,५०० रुपये होतो. दहा रुपयांच्या कपामागे भुकटी, पाणी व पेला मिळून पाच रुपये गेले आणि पाच उरले, तर दिवसाला तीस कपांत खर्च निघतो. मोठ्या कार्यालयात तीस कप म्हणजे सकाळच्या एका तासाची विक्री. मात्र त्या यंत्राच्या नळ्या रोज धुतल्या पाहिजेत. दूध-साखरेची भुकटी जेथे गरम पाण्यात मिसळते तेथे दोन दिवसांत जो थर साचतो तो एकदा पाहिलेला ग्राहक पुन्हा तेथे कप धरत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी ही कागदावरची गोष्ट झाली. नळी धुणारा हात ही प्रत्यक्षातली.

आणि मग समोर टपरी आहेच. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीच्या स्थानकासमोर काय, टपरीवाला उकळलेला, आल्याचा चहा देतो, तो अर्धा करून दोघांना देतो, महिनाअखेरीस हिशेब करतो, आणि शिवाय गावातल्या बातम्या सांगतो. यंत्र यांपैकी काहीच करत नाही. ज्या वेळी आणि ज्या जागी टपरी आहे तेथे यंत्राने तिच्याशी स्पर्धा करू नये, हे व्यवहाराचे पहिले सूत्र म्हटले पाहिजे. आणि समाजाच्या दृष्टीनेही एक कुटुंब पोसणारी टपरी उठवून तेथे लोखंडी कपाट उभे करण्यात प्रगती कसली, हा प्रश्न उरतोच.

पण टपरी मिटल्यावरची वेळ यंत्राची आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले तेव्हापासून हे गाव रुग्णांचे गाव झाले आहे. कोकणातून, कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसे येथे येतात आणि त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला गरम चहा, गरम पाणी, टूथब्रश, साबण, लहान मुलासाठी दुधाची भुकटी यांपैकी काही हवे असते आणि ते मिळत नाही. साताऱ्याचे रेल्वे स्थानक गावापासून दूर, माहुलीला आहे. अवेळी गाडीने उतरलेल्या प्रवाशाची गत निराळी नाही. कूपर आणि किर्लोस्कर यांच्या काळापासून कारखानदारीची परंपरा असलेल्या या दोन जिल्ह्यांत, सातारच्या व कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत, तिसऱ्या पाळीचे कामगार आहेत. यंत्राला नफा होईल तो अशा जागी, कारण तेथे ते दुसऱ्या कोणाचा घास न काढता खरी गरज भागवते.

या यंत्रांच्या वाटेतला एक जुना अडथळा मात्र आता दूर झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या नाण्यांनी यंत्रकर्त्यांचा फार छळ केला. १९९२ चा एक रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा, २०११ चा २२ मिलिमीटरचा, आणि दोन्ही एकाच वेळी चलनात. दहा रुपयांच्या नाण्याचे तर इतके नमुने निघाले की, चौदाही नमुने वैध आहेत असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला. तरीही कित्येक दुकानांत ते नाणे नाकारले जात राहिले. जे नाणे माणूस ओळखत नाही ते यंत्राने कसे ओळखावे? २०१६ साली यूपीआय आले आणि खाचेची जागा चौकोनी ठिपक्यांच्या चित्राने घेतली. पैसे थेट खात्यात जातात, गल्ला फोडण्याचे भय उरत नाही, कोणता माल संपत आला हेही मालकाला घरबसल्या दिसते. गंमत अशी की २०२३ साली रिझर्व्ह बँकेने बारा शहरांत प्रयोगादाखल जी यंत्रे लावण्याचे ठरवले, ती मोबाइलवरून पैसे घेऊन नाणी देणारी होती. नाणे घेऊन वस्तू देण्याचा क्रम असा उलटा झाला. माल संपल्याचे कळणे आणि माल भरणे यांत मात्र अजूनही मोटारसायकलच्या फेरीएवढे अंतर आहे, आणि ते तारायंत्राने मिटत नाही.

इथवर झाले ते खासगी नफ्यातोट्याचे. परंतु यंत्र ज्या जागी उभे राहते ती जागा बहुतेक वेळा सार्वजनिक असते: बसस्थानक, रेल्वे स्थानक, सरकारी रुग्णालय, महाविद्यालय, पंचायत समिती. या जागा सर्वाधिक बोली लावणाऱ्याला देण्याची आपली पद्धत आहे. पद्धत स्वच्छ आहे, लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप येत नाही. पण नवशिका उद्योजक उत्साहाच्या भरात जी बोली लावतो ती वरच्या हिशेबातल्या तीन हजारांच्या कितीतरी पुढे जाते. सहा महिन्यांत तो स्वस्त माल भरू लागतो, नवव्या महिन्यात फेऱ्या कमी करतो, वर्षअखेरीस यंत्राला कुलूप लागते. संस्थेला अनामत मिळते, प्रवाशाला काहीच मिळत नाही, आणि कोपऱ्यात एक धूळ खाणारे कपाट शिल्लक राहते. रेल्वेने २०१५ नंतर अनेक स्थानकांवर बसवलेल्या पाण्याच्या यंत्रांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ३०० मिलिलिटर शुद्ध पाणी सुरुवातीला एक रुपयात मिळे; पाण्याची बाटली न परवडणाऱ्या प्रवाशाची ती मोठी सोय होती. ठेकेदारांना ते परवडेना, महासाथीत फलाट ओस पडले, आणि त्यांतली बरीच यंत्रे बंद झाली.

गावोगावच्या पाण्याच्या यंत्रांचे दुखणे नेमके उलट आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या अवर्षणग्रस्त पट्ट्यात कूपनलिकेचे पाणी कठीण आणि मचूळ. तेथे पाच रुपयांत वीस लिटर गोडे पाणी देणारे यंत्र हे चैनीचे नव्हे, गरजेचे साधन आहे. ते बहुधा अनुदानातून किंवा एखाद्याच्या देणगीतून येते. दर लोकांना परवडेल असा ठेवला जातो, हेही बरोबर. पण शुद्धीकरणाचा पडदा काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि त्यासाठी रोजच्या पाच-पाच रुपयांतून काही बाजूला काढून ठेवण्याची तरतूद क्वचितच केलेली असते. पडदा बदलण्याची वेळ येते तेव्हा खात्यात रक्कम नसते. तेथे नफ्याची हाव नव्हती. पण झीज भरून काढण्याइतकाही नफा नको, असा सोवळेपणा होता.

मुलींच्या शाळांतील सॅनिटरी नॅपकिनची यंत्रे हे तर याहून दुःखद उदाहरण आहे. एखादी संस्था यंत्र भेट देते, फीत कापली जाते, छायाचित्र येते. पहिला साठा संपतो. पुढचा कोणी आणायचा? मुख्याध्यापकांच्या खर्चाच्या शीर्षांत तो बसत नाही, देणगीदाराची आठवण पुढच्या वर्धापनदिनापर्यंत होत नाही, शिक्षिका दोन-तीन वेळा पदरचे पैसे घालतात आणि थांबतात. मुलगी यंत्रासमोर जाऊन परत येते, आणि कित्येकदा त्या दिवशी घरी जाते. २०१८ साली राज्य सरकारने सुरू केलेल्या अस्मिता योजनेत ही विक्री महिला बचत गटांकडे सोपवण्यात आली होती. त्या योजनेच्या अंमलबजावणीविषयी काहीही म्हणता येईल, पण मूळ विचार योग्य होता: माल भरण्यात ज्याचे दोन पैसे आहेत असा कोणीतरी त्या साखळीत असला पाहिजे.

तसे घडवून आणणे अवघड नाही. दिल्लीत १९७४ साली मदर डेअरीने टोकन टाकताच सुटे दूध देणारी केंद्रे सुरू केली. दूध यंत्र देत असे, पण प्रत्येक केंद्रावर एक माणूस नेमलेला असे, त्याला विक्रीवर कमिशन असे, आणि ही केंद्रे मोठ्या प्रमाणावर निवृत्त सैनिकांकडे दिली गेली. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावे आहेत, जेथे घराघरांतून माणूस सैन्यात गेला आहे आणि चाळिशीच्या आत निवृत्त होऊन परतलेला आहे. शिवाय याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या हाती काम देऊन शिक्षण उभे केले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांना महाविद्यालयातील एक यंत्र वर्षभर चालवायला द्यावे. माल आणणे, भरणे, नळ्या धुणे, झीजनिधी काढणे आणि महिन्याचा ताळेबंद फलकावर लावणे ही त्यांची जबाबदारी. घसारा म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकाच्या तीन प्रकरणांतून जे समजत नाही ते त्यांना पहिल्याच बिघाडात समजेल. दुरुस्तीसाठी तर लांब जाण्याचेही कारण नाही. सांगलीत, साताऱ्यात, कऱ्हाडात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि तेथील मुलांना हात चालवायला जिवंत यंत्रे हवीच आहेत.

राहिला जागेचा प्रश्न. ठोक भाड्याच्या बोलीऐवजी विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर जागा द्यावी. पैसे खात्यातून जात असल्याने विक्रीचा आकडा आता लपवता येत नाही, तेव्हा पूर्वीची सबबही उरलेली नाही. ओळीने काही दिवस यंत्र रिकामे किंवा बंद आढळले तर जागा काढून घेतली जाईल अशी अट निविदेत असावी, आणि यंत्राच्या दर्शनी भागावर चालवणाऱ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि शेवटची सफाई केल्याची तारीख असावी. नदीकाठच्या गावांत यंत्र जमिनीवर ठेवू नये एवढेही लिहावे लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा सांगलीच्या बाजारपेठेत तळमजल्यावरची विजेची उपकरणे वाचली नाहीत.

आणि ज्या निवृत्त शिक्षकाच्या उंबऱ्याशी सल्लागार थांबला आहे त्याने रकमेचा धनादेश लिहिण्यापूर्वी एक आठवडा त्या जागेवर जाऊन बसावे. सकाळी किती माणसे जातात, रात्री किती, त्यांतली किती थांबतात, जवळची टपरी किती वाजता मिटते, वीज किती वेळा जाते, हे वहीत लिहावे. मग विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: याच जिल्ह्यात चालू असलेल्या तुमच्या यंत्राच्या मालकाची गाठ घालून द्याल का, बिघाड झाल्यास माणूस कोठून आणि किती तासांत येईल, आणि वर्षभराने हे यंत्र परत घ्याल तर किती रुपयांना. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर मागावे.